गोल्फ स्विंगचा व्हिडिओ सोबत्यांना दाखवायचाय? आधी फोन कुठे ठेवलाय ते बघा

माझ्या गोल्फ स्विंगचा, म्हणजे चेंडू मारायला क्लब (काठी) फिरवतो त्या हालचालीचा, पहिला व्हिडिओ मी सोबत खेळणाऱ्या सात जणांना पाठवला. खाली एकच ओळ लिहिली होती: "स्लाइस काही केल्या जात नाही, काय चुकतंय?" स्लाइस म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणं. संध्याकाळपर्यंत सात जणांकडून अकरा सल्ले आले. एकाने ग्रिप बदलायला सांगितली, दुसऱ्याने ग्रिपला हातही लावू नकोस म्हणून बजावलं, तिसऱ्याला माझं डोकं हलताना दिसलं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: क्लब मागे नेताना बाहेर, म्हणजे शरीरापासून लांब, जातोय. मी इमानेइतबारे अडीच महिने तो आत आणत बसलो. मग कधीतरी लक्षात आलं की क्लब बाहेर जातच नव्हता. फोन मी माझ्या पाठीच्या बाजूला जरा जास्तच सरकवून ठेवला होता, आणि तिथून तो बाहेर गेल्यासारखा दिसत होता. स्लाइस होती तिथेच राहिली. वर क्लब आता खरोखरच नको इतका आत जायला लागला.

चूक त्या सात जणांची नव्हती. सोबती तुमचा स्विंग बघत नाहीत, तुम्ही पाठवलेलं चित्र बघतात. चित्र वाकडं असेल तर सल्लाही वाकडाच येणार. म्हणून या लेखात स्विंगपेक्षा व्हिडिओबद्दलच जास्त लिहिलंय. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धरून लिहिलंय, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

लागणारं सामान:
- स्लो-मोशन असलेला फोन
- फोन अडकवता येईल असा ट्रायपॉड (बॅगेला टेकवून ठेवलेला फोन हमखास तिरका होतो)
- दोन अलाइनमेंट स्टिक (दिशा धरायला जमिनीवर ठेवायच्या काठ्या), किंवा जुन्या क्लबचे दोन सरळ शाफ्ट (दांडे)
- ७ नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब). पहिल्या व्हिडिओला एवढं पुरे.
- व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर
- एक छोटी वही

१. आधी चेंडू काय करतो ते लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. फोन बॅगेत ठेवा आणि पंधरा-वीस चेंडू मारा. प्रत्येक चेंडूबद्दल तीन गोष्टी लिहा: निघताना कुठे निघाला, पुढे कुठे वळला आणि फेसवर (क्लबच्या डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) नेमका कुठे लागला.

तिसरी गोष्ट कळायला मार्कर आणलाय. चेंडूच्या मागच्या बाजूला एक ठिपका काढा आणि तो क्लबकडे तोंड करून ठेवा. फटका बसला की शाई फेसवर उमटते. ड्रायव्हरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. चेंडू फेसच्या टाचेकडे (दांड्याकडच्या बाजूला) लागला तर तो उजवीकडे वळू पाहतो, टोकाकडे लागला तर डावीकडे. म्हणजे स्विंग बरा असूनही नुसत्या टाचेकडच्या फटक्याने स्लाइस दिसू शकते, आणि अशा वेळी दहा जणांकडून स्विंग दुरुस्त करून घेण्यात काहीच अर्थ नसतो.

चेंडू फेसच्या मधोमध लागत असेल तर पुढचा हिशेब सोपा आहे. चेंडू निघतो ती दिशा मुख्यतः फेस ठरवतो. नंतर तो वळतो, ते फेस आणि क्लबचा पाथ (चेंडूपाशी तो ज्या दिशेने जातो ती वाट) यांच्यातल्या फरकामुळे. फेस पाथच्या उजवीकडे बघत असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, डावीकडे बघत असेल तर डावीकडे. टार्गेटच्या डावीकडे निघून उजवीकडे वळणारी स्लाइस आणि निघतानाच उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जाणारी स्लाइस, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत पाथ बराच डावीकडे गेलेला असतो. दुसरीत फेसच टार्गेटच्या उजवीकडे बघत असतो. दोन्हींना आपण "स्लाइस" म्हणतो आणि दोन्हींसाठी एकच औषध मागतो.

२. फोन कुठे ठेवायचा

दोन कोन लागतात, आणि दोन्ही लागतात.

पहिला डाउन द लाइन, म्हणजे खेळाडूच्या मागून टार्गेटकडे बघणारा. चेंडू मांडून उभे राहा आणि हात जिथे लटकतात त्याच्या बरोबर खाली, टार्गेटच्या रेषेला समांतर अशी एक स्टिक जमिनीवर ठेवा. त्या स्टिकची रेषा मागे वाढवत न्या आणि तीन-चार मीटरवर फोन उभा करा. उंची हातांच्या पातळीला, म्हणजे साधारण कंबरेला. व्हिडिओ सुरू करायच्या आधी स्टिक काढून टाका. दुसरी स्टिक चेंडूच्या पलीकडे टार्गेटच्या दिशेने पडलेली असू द्या. तुम्ही कुठे नेम धरलाय हे त्याशिवाय बघणाऱ्याला कळणार नाही.

आता माझ्यासारखं फसायचं नसेल तर हे नीट वाचा. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) शाफ्ट जमिनीला समांतर होतो तेव्हा क्लबचं डोकं फोनच्या जवळ असतं आणि हात लांब. फोन योग्य रेषेवर असेल आणि क्लबही ठीक जात असेल, तर डोकं हातांना झाकतं. फोन तुमच्या पाठीच्या बाजूला सरकला की तेच डोकं हातांच्या बाहेर दिसतं. चेंडूच्या बाजूला सरकला की आत दिसतं. स्विंग तोच, निदान मात्र उलटंसुलटं. काही जण फोन हातांऐवजी चेंडूच्या रेषेवर ठेवतात. तसं ठेवलंत तर सोबत्यांना सांगा, आणि पुढच्या वेळीही तिथेच ठेवा.

दुसरा कोन फेस-ऑन. फोन तुमच्या छातीसमोर, टार्गेटच्या रेषेला काटकोनात, दोन पावलांच्या बरोबर मध्यावर. इथेही तीच गंमत होते. फोन टार्गेटकडे सरकला तर चेंडू खऱ्या जागेपेक्षा मागच्या पायाकडे दिसतो, आणि कुणीतरी हमखास लिहितं, "चेंडू फार मागे ठेवतोस." या कोनातून कुणाला फोन धरून उभं करू नका. शँक (फेसऐवजी दांड्याच्या बुडाला लागलेला फटका) बसला तर चेंडू कुठे उडेल याचा नेम नसतो. ट्रायपॉड फुटला तर नवा आणता येतो.

दोन्ही कोनांत फोनची साधी लेन्स वापरा. सगळं मावावं म्हणून वाइड लेन्स लावली तर कडेच्या सरळ रेषा वाकतात. त्यापेक्षा फोन थोडा मागे न्या. बॅकस्विंगच्या टोकाला आणि फिनिशमध्येही (फटक्यानंतर स्विंग संपतो तेव्हाही) पूर्ण क्लब चौकटीत दिसला पाहिजे. सेल्फीचा कॅमेरा टाळा. त्यातली प्रतिमा उलटी साठली गेली तर तुम्ही बसल्या जागी डावखुरे होता.

३. फोनची सेटिंग

डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत खाली येणं, साधारण पाव सेकंदात संपतो. फोन सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर पूर्ण डाउनस्विंगची सात-आठ चित्रं मिळतात. ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी १४५ किलोमीटर धरला तर दोन चित्रांमध्ये ते सव्वा मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. या सव्वा मीटरमध्ये काय झालं असेल यावर मग लोक तावातावाने मतं मांडतात. २४० चित्रांच्या स्लो-मोशनमध्ये हे अंतर १७ सेंटिमीटरवर येतं आणि डाउनस्विंगची साठेक चित्रं मिळतात.

स्लो-मोशनला भरपूर उजेड लागतो. ढगाळ संध्याकाळी किंवा छपराखालच्या बेमध्ये (सरावाच्या कप्प्यात) क्लब नुसता धुरकट पट्टा दिसतो. ऊन तुमच्यावर पडू द्या, लेन्समध्ये येऊ देऊ नका. शाफ्ट धनुष्यासारखा वाकलेला दिसला तर घाबरू नका. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्या वेळात शाफ्ट पुढे गेलेला असतो. त्यावरून "शाफ्ट फार मऊ आहे, बदल" असा सल्ला देणारेही मला भेटलेत.

आणि एक मर्यादा कायम डोक्यात ठेवा. चेंडू आणि फेस यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम अर्धा वेळ टिकतो. २४० च्या वेगातही दोन चित्रांमधला वेळ त्याच्या आठपट असतो. इम्पॅक्टच्या (क्लब चेंडूला लागण्याच्या) क्षणी फेस किती उघडा (उजवीकडे बघणारा) होता हे फोनवरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. ते चेंडूच सांगतो. पहिल्या पायरीत वही उघडायला लावली ती त्यासाठीच.

४. कोणता स्विंग पाठवायचा

सगळ्यात देखणा नको. रोजचा पाठवा. डॉक्टरकडे जाताना ताप उतरवून जाण्यात काय मतलब?

चेंडू न ठेवता केलेला सराव-स्विंग तर मुळीच पाठवू नका. चेंडू समोर आला की बहुतेकांचा स्विंग बदलतो आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं. फोन चालू आहे हे कळलं तरी माणूस जरा सावरून खेळतो, म्हणून तो सुरू करून विसरून जा आणि सात-आठ चेंडू मारा. पहिले दोन सोडा. उरलेल्यांतून तुमची नेहमीची चूक दाखवणारा एक निवडा.

कापताना फार जवळून कापू नका. चेंडूशी येऊन उभं राहणं, नेम धरणं, हे सगळं राहू द्या. निम्मे घोटाळे तिथेच असतात. स्लाइस करणारा माणूस हळूहळू डावीकडे नेम धरायला लागतो आणि त्याने पाथ आणखी डावीकडे जातो. हे स्विंगच्या दीड सेकंदात दिसत नाही. शेवटी फिनिशही धरून ठेवा. तोल जातोय की राहतोय, हे तिथे कळतं. आवाज बंद करू नका, कारण कान तयार असलेला खेळाडू फटक्याच्या आवाजावरून चेंडू कुठे लागला ते ओळखतो.

व्हिडिओ चॅटमध्ये नेहमीसारखा टाकला तर तो दाबून लहान होतो आणि क्लब पुसट होतो. फाइल म्हणून पाठवा. मागे दुसरे खेळाडू, विशेषतः मुलं दिसत असतील तर तेवढा भाग झाका किंवा कोन बदलून पुन्हा घ्या.

५. सोबत काय लिहायचं

"काय चुकतंय?" या प्रश्नाला अकरा उत्तरं येतात, हे सांगून झालंय. मी आता साधारण असं लिहितो:

"७ नंबरचं आयर्न. हँडिकॅप २२. चेंडू टार्गेटच्या उजवीकडे निघतो आणि आणखी उजवीकडे वळतो, दहापैकी सात वेळा. फेसच्या मधोमध लागतो. डिव्हॉट जवळजवळ सरळ आहे. पाठ दुखते म्हणून खांदे पूर्ण वळत नाहीत. आठवड्यातून दोनदा तासभर सराव होतो. फोन हातांच्या रेषेवर, कंबरेच्या उंचीला. फेस उघडा का राहतोय, एवढंच बघा." (हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका खेळ चांगला; डिव्हॉट म्हणजे फटक्याने गवतात पडणारी खाच.)

पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं लपवू नका. नाहीतर लोक तुम्हाला पंचविशीतल्या व्यावसायिक खेळाडूसारखं वळायला सांगतील आणि तुम्ही वळाल. सरावाला किती वेळ मिळतो तेही लिहा. रोज दोनशे चेंडू मारणाऱ्याला जो बदल झेपतो तो रविवारच्या खेळाडूला झेपत नाही.

बोलणं सोपं व्हावं म्हणून एक भाषा उपयोगी पडते. बरेच शिक्षक स्विंगचे दहा थांबे मोजतात, पी-१ ते पी-१०. पी-१ म्हणजे चेंडूपाशी उभं राहणं, पी-२ शाफ्ट पहिल्यांदा जमिनीला समांतर, पी-३ डावा हात समांतर, पी-४ बॅकस्विंगचं टोक. खाली येताना पी-५ ला डावा हात पुन्हा समांतर, पी-६ ला शाफ्ट समांतर, पी-७ इम्पॅक्ट. तिथून फिनिशपर्यंत पी-१०. "खाली येताना मध्येच कुठेतरी" म्हणण्यापेक्षा "पी-६ ला बघ" म्हटलं की दोघंही एकाच चित्रावर थांबतात.

६. आलेले सल्ले चाळा

खरं काम इथे आहे. घाईघाईत सगळे सल्ले पाळलेत तर आठवड्याभरात चेंडूला क्लबच लागणार नाही.

आधी प्रश्न विचारणारे वेगळे काढा. माझ्या त्या अकरा सल्ल्यांनंतर एका वयस्कर खेळाडूने सल्ला न देता विचारलं होतं, "अरे, चेंडू निघतो कुठे ते सांग आधी." मला ते टाळल्यासारखं वाटलं आणि मी उत्तरही दिलं नाही. अडीच महिन्यांनी दिलं. चेंडू निघतानाच उजवीकडे निघतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पाथ राहू दे, डावा हात दाखव." ग्रिपमध्ये माझा डावा हात इतका डावीकडे फिरलेला होता की वरून बघताना बोटांच्या मुळाची एकच गाठ दिसत होती. अडीच-तीन गाठी दिसतील इतका तो उजवीकडे फिरवला, आणि फेस उघडा राहणं कमी झालं. काही दिवस चेंडू डावीकडे हुक होऊन गेले, कारण क्लब फार आत नेण्याची सवय मी मधल्या काळात कष्टाने लावून घेतली होती.

दुसरी चाळणी क्रमाची. ग्रिप, नेम, उभं राहणं आणि चेंडूची जागा यांबद्दलचे सल्ले आधी तपासा. या गोष्टी हलायच्या आधीच्या आहेत, थांबून बघता येतात आणि त्यांत खरं-खोटं लवकर कळतं. इथे गडबड असेल तर पुढच्या अर्ध्या चुका ही त्या गडबडीची भरपाई असते. भरपाई काढून घेतली आणि मूळ चूक तशीच ठेवली, तर खेळ आणखी बिघडतो.

तिसरी चाळणी: सांगितलेली गोष्ट कारण आहे की परिणाम? "डोकं वर उचलतोस" हा जगातला सगळ्यात स्वस्त सल्ला. चेंडूच्या डोक्यावर फटका बसला की कुणीही देतं. व्हिडिओ चित्रागणिक पुढे सरकवा. पुष्कळदा असं दिसतं की डाउनस्विंगमध्ये कंबर चेंडूकडे ढकलली जातेय, त्यामुळे पाठ सरळ होतेय आणि पाठीबरोबर डोकं वर येतंय. अशा वेळी डोकं दाबून धरलं तर मान तेवढी दुखेल. डावं कोपर इम्पॅक्टनंतर बाहेर वाकणं हेही तसंच. पुष्कळदा तो उघडा फेस सावरण्याचा शेवटचा प्रयत्न असतो.

चौथी थोडी नाजूक आहे. दिसायला विचित्र म्हणजे चूक, असं समजू नका. अमेरिकन व्यावसायिक गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग आठवा. क्लब उभा वर जातो आणि खाली येताना मोठा वळसा घेऊन भलत्याच वाटेने येतो. आपल्या गटात कुणी असा व्हिडिओ पाठवला असता तर त्याला खेळ सोडायचा सल्ला मिळाला असता. फ्युरिकने २००३ साली गोल्फची यूएस ओपन जिंकली, आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) एका फेरीत ५८ फटके मारणारा तो पहिला खेळाडू ठरला. इम्पॅक्टला क्लब ठीक येत असेल आणि चेंडू ठीक जात असेल, तर वरच्या वळशाला हात लावू नका.

व्हिडिओवर रेषा काढून पाठवणारे सोबतीही भेटतील. शरीराच्या मागे एक उभी रेषा आणि सुरुवातीच्या शाफ्टवर एक, या दोन कामाच्या आहेत. सात रंगांच्या चौदा रेषांमध्ये फक्त रेषा दिसतात.

७. एकच बदल, तोही सावकाश

एक निवडा. बाकीचे सल्ले वहीत लिहून ठेवा, ते कुठे पळून जात नाहीत.

सुरुवात अर्ध्या स्विंगने आणि अर्ध्या वेगाने. क्लब वरून-बाहेरून खाली येत असेल तर चेंडूच्या जरा मागे आणि पलीकडच्या बाजूला एक रिकामं हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावर घालायचं आवरण) ठेवा. जुन्या वाटेने आलात तर ते उडतं आणि वेगळं कुणी सांगायची गरज राहत नाही. कंबर पुढे ढकलली जात असेल तर मागे भिंत किंवा खुर्ची घ्या, चेंडू ठेवू नका आणि डाउनस्विंगभर मागचा स्पर्श सुटू देऊ नका.

बदल करताना जाणवतं एक आणि दिसतं भलतंच. मला वाटायचं की ग्रिप आता हास्यास्पद इतकी फिरलीय. व्हिडिओत ती जेमतेम बोटभर हललेली असायची. म्हणून दर दहा चेंडूंनी एक छोटा व्हिडिओ घ्या आणि तिथेच बघा. बदल दिसत नसेल तर जाणीव दुप्पट करा. दिसत असेल पण चेंडू वाईट जात असेल तर काही दिवस चेंडूकडे काणाडोळा करा.

दोन-तीन आठवडे हाच एक बदल. मधे कुणी दुसरं काही सुचवलं तर धन्यवाद म्हणा आणि वहीत लिहा. स्विंग करताना कुठे दुखायला लागलं, किंवा महिना-दीड महिना होऊनही व्हिडिओत आणि चेंडूत काहीच हललं नाही, तर शिक्षकाकडे जा. तुमची वही आणि जुने व्हिडिओ बघून त्याचा पहिला तास वाचेल.

एक सापळा स्पर्धेचा. गटातल्या सवयीने माणूस फेरी चालू असतानाही विचारून जातो, "आता पाथ कसा दिसला रे?" गोल्फच्या नियम १०.२ प्रमाणे स्पर्धेच्या फेरीत आपल्या कॅडीशिवाय (क्लबची बॅग सांभाळणाऱ्या मदतनिसाशिवाय) कुणाचा सल्ला मागता येत नाही, आणि त्या स्पर्धेत खेळणाऱ्याला देताही येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) २ फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत-हरत जातात तिथे) तो होल गेला. पाय सरळ रेषेत राहावेत म्हणून जमिनीवर क्लब किंवा स्टिक ठेवून त्या आधाराने उभं राहणंही चालत नाही.

८. पुन्हा व्हिडिओ पाठवताना

तोच क्लब, तीच उंची, तेच अंतर. शक्य असेल तर दिवसाची वेळही तीच. ट्रायपॉडच्या पायावर उंचीची खूण करून ठेवा आणि अंतर पावलांनी मोजून वहीत लिहा. जुना आणि नवा स्विंग शेजारी शेजारी लावा, आणि चेंडूचा हिशेबही नव्याने द्या: दहापैकी सात वेळा उजवीकडे जायचा, आता किती वेळा जातो.

ज्याचा सल्ला लागू पडला त्याला तसं कळवा. ज्याचा पडला नाही त्यालाही कळवा, म्हणजे पुढच्या माणसाला तोच सल्ला देताना तो जरा थांबेल. आणि दुसऱ्याचा व्हिडिओ तुमच्याकडे आला, तर क्लब बाहेर जातोय असं लिहायच्या आधी त्याला विचारा, फोन कुठे ठेवला होता.